निळी-पांढरी थाळी इराणी की चिनी? बुडापासून नक्षीपर्यंत तपासण्याचा क्रम

मराठीत आपण झिलई दिलेल्या प्रत्येक पांढऱ्या भांड्याला ‘चिनी मातीचे’ म्हणून मोकळे होतो. लोणच्याची बरणीही चिनी मातीची आणि कपबशीही चिनी मातीचीच. रोजच्या व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. पण आजोळच्या कपाटातून निघालेली किंवा जुन्या बाजारात हाती आलेली निळी-पांढरी थाळी ओळखायची वेळ आली की हाच शब्द वाट चुकवतो. थाळीवर कमळ, ढग आणि खडकावर बसलेला पक्षी दिसला, मागे चौकोनी शिक्का दिसला, की ती चीनची ठरते. पुष्कळदा ती इराणची असते, आणि त्याहून अधिक वेळा ती इंग्लंडची निघते.

चूक होते ती माहितीच्या अभावापेक्षा क्रम उलटा धरल्यामुळे. सफवी राजघराण्याच्या काळातल्या (१५०१ ते १७२२) इराणी कारागिरांनी चिनी भांडी समोर ठेवून त्यांची नक्कल केली, आणि नक्कल करणारा माणूस गिऱ्हाइकाला जे दिसते त्याचीच नक्कल करतो. नक्षी दिसते, शिक्का दिसतो, आकारही दिसतो. झिलईखालचा पदार्थ, बुडाच्या कड्याचा पोत आणि भट्टीत भांडे कशावर टेकवले होते याच्या खुणा मात्र कोणी मुद्दाम उतरवून घेत नाही, आणि त्या उतरवता येतही नाहीत. म्हणून पुढचा सगळा क्रम बुडापासून सुरू होतो आणि नक्षी जवळजवळ शेवटी येते. एखादी पायरी कंटाळवाणी वाटली तरी तिच्यावरून उडी मारू नये.

तयारी

दिवसाचा उजेड येणारी खिडकी, दुहेरी घडी घातलेला जाड टॉवेल, दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान एलईडी विजेरी, मऊ कोरडा कुंचला, मोजपट्टी आणि वही एवढे साहित्य पुरते. नोटा तपासण्यासाठी मिळते तशी अतिनील विजेरी असेल तर उत्तम. हातातल्या अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ आधी काढून ठेवावे. हातमोजे घालू नयेत, कारण गुळगुळीत झिलईवरून सुती मोजे घसरतात. स्वच्छ, कोरडे हात अधिक सुरक्षित असतात. भांडे काठाला किंवा कानाला धरून उचलू नये. एक हात बुडाखाली असलाच पाहिजे.

थाळी टॉवेलवर ठेवून समोरून, मागून आणि बुडाच्या कड्याच्या जवळून छायाचित्रे घ्यावीत. उजेड एका बाजूने तिरपा पडेल असे एक छायाचित्रही घ्यावे. तपासणी सुरू करण्याआधी आपला पहिला अंदाज वहीत लिहून पान उलटावे. मनात ठेवलेला अंदाज नकळत बदलत जातो, लिहिलेला बदलत नाही.

*सावधान:* तपासणीआधी भांडे धुऊ नये. चिनी पोर्सलीन, म्हणजे खऱ्या अर्थाने चिनी मातीचे भांडे, पाणी पीत नाही, परंतु इराणी भांड्याचे अंग, म्हणजे झिलईखालचा पदार्थ, सच्छिद्र असते आणि चिरेतून आत शिरलेले मळके पाणी वाळताना कायमचा तपकिरी डाग सोडते. मी एकदा साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या वाडग्यावर, आधी डोळ्यांना न दिसणारी चीर दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने ओढल्यासारखी उमटलेली पाहिली आहे. व्हिनेगर, लिंबू आणि ब्लीच यांचा तर विचारही करू नये.

१. आधी छापील भांडी बाजूला काढा

ही पायरी दोन मिनिटांची आहे, पण तिने निम्मे प्रश्न संपतात. पूल, विलो वृक्ष, पुलावरच्या तीन आकृत्या आणि वर उडणारी दोन पाखरे ही नक्षी चिनी दिसते खरी, पण ती अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कारखान्यांत तयार झाली आणि तिथून जगभर गेली. निळ्या रंगाच्या भागावर भिंग धरावे. सावली बारीक ठिपक्यांनी किंवा समांतर रेघांनी तयार झाली असेल, किंवा काठाची वेलबुट्टी एका जागी तुटून पुढे न जुळता सुरू होत असेल, तर ती कागदावरून उतरवलेली छपाई आहे. कुंचल्याच्या फटकाऱ्यात रंग सुरुवातीला दाट, पुढे विरळ आणि उचलताना पुन्हा दाट होतो. तो असा दिसला तरच पुढे जावे.

२. बुडाचे कडे पाहा

थाळी पालथी घालून ज्या गोल कड्यावर ती उभी राहते त्याकडे पाहावे. तिथे झिलई नसते किंवा झिजलेली असते, त्यामुळे आतला पदार्थ उघडा दिसतो.

चिनी पोर्सलीनचे उघडे कडे घट्ट आणि दातासारखे गुळगुळीत लागते. झिलई जिथे संपते तिथे कधी कधी नारिंगी-तांबूस बारीक रेषा असते. साधारण १५७० ते १६४० या दशकांत चिंगडचन या चीनमधल्या पोर्सलीनच्या शहरातल्या खासगी भट्ट्यांतून निर्यातीसाठी निघालेल्या, ‘क्राक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पातळ थाळ्यांच्या बुडाला भट्टीतली वाळू चिकटलेली आढळते, आणि कड्याच्या आतल्या भागात केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या बारीक चरांच्या खुणा दिसतात. कातताना हत्यार थरथरल्याने त्या उमटतात.

इराणी कडे कोरडे आणि किंचित रवाळ लागते. ते साखरेच्या वडीसारखे दिसते आणि बहुधा मळकट झालेले असते, कारण अनेक वर्षांचा हातांचा तेलकटपणा आणि फडताळाची धूळ त्याने शोषलेली असते. जुन्या बाजारातले काही विक्रेते कड्याला जीभ लावून किंवा पाण्याचा थेंब टाकून शोषण पाहतात. त्याची गरज नाही. ती परीक्षा मळाने आधीच घेऊन ठेवलेली आहे.

*तपासा:* झीज कड्यावर असमान आहे का? खऱ्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना आणि कमीजास्त खोल असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेने जात असतील तर कड्यावर पॉलिश पेपर फिरवला गेल्याचा संशय घ्यावा.

३. टवक्यातून आतले अंग वाचा

संपूर्ण तपासणीत हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. काठावरचा जुना टवका मालकाला खटकतो, पण ओळखणाऱ्याला तो खिडकीसारखा उपयोगी पडतो. कुंचल्याने धूळ झाडून तिथे भिंग धरावे.

फरक समजण्यासाठी दोन्हीकडची घडण माहीत हवी. चीनमध्ये केओलिन माती आणि पोर्सलीनचा दगड यांचे मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सियसला भाजले जाते. त्या तापमानाला अंग जवळजवळ काचेसारखे होते आणि झिलई त्याच्याशी एकजीव होते. इराणी कारागिरांच्या हाती तशी माती नव्हती. पांढरेपणा साधण्यासाठी त्यांनी निराळा मार्ग धरला, आणि तो काशानच्या अबुल कासिम याने १३०१ साली लिहून ठेवला आहे: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेचा चुरा आणि एक भाग पांढरी चिकणमाती. हे मिश्रण चीनच्या मानाने बऱ्याच कमी उष्णतेवर भाजले जाते. काच वितळून गारगोटीचे कण एकमेकांना चिकटवते, पण मधल्या फटी पूर्ण भरत नाहीत. माती इतकी थोडी असल्याने मिश्रण चाकावर सहज ओढले जात नाही, म्हणून इराणी थाळ्या पुष्कळदा जाड आणि साच्यावर घडवलेल्या असतात.

भिंगाखाली हे असे दिसते. पोर्सलीनचा टवका शिंपल्यासारखा, चमकदार आणि लाटदार असतो आणि झिलई कुठे संपली ते नेमके सांगता येत नाही. इराणी टवका रवेदार असतो. त्यात गारगोटीचे चमचमणारे कण दिसतात आणि झिलईचा थर काचेच्या पापुद्र्यासारखा वेगळा उठून दिसतो. टवका पिवळसर किंवा बदामी आणि भुसभुशीत असेल, वर अपारदर्शक पांढरा थर असेल, तर हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या पद्धतीचे भांडे डोळ्यांपुढे आणावे. तिथे पांढरेपणा कथिल घातलेल्या झिलईचा असतो, अंगाचा नसतो.

*सावधान:* गारगोटीचे अंग दिसले म्हणजे भांडे इराणीच, असे होत नाही. तुर्कस्तानातील इझनिक आणि सीरियाची भांडी त्याच घराण्यातली आहेत, आणि आपल्याकडे जयपूरची ब्लू पॉटरीही गारगोटीची पूड, काच आणि मुलतानी माती यांतूनच घडते. तिचा फिरोजी रंग, हलके वजन आणि कोरे करकरीत बूड यांवरून ती बहुधा ओळखू येते. भिंगाने अंगाचा प्रकार कळतो; गाव कळत नाही.

टवका नसेल तर नवीन पाडू नये, हे लिहावे लागते याचे वाईट वाटते. झिलईतल्या टाचणीएवढ्या छिद्रातूनही थोडेफार दिसते.

४. उजेड आणि आवाज: दुय्यम पुरावे

अंधाऱ्या खोलीत विजेरी भांड्याच्या मागे धरली की पातळ पोर्सलीनमधून मऊ उजेड येतो, बोटांची सावलीही दिसते. गारगोटीचे जाड अंग अंधारेच राहते. मात्र मिंग राजघराण्याच्या काळातल्या मोठ्या, जाड चिनी थाळीतूनही उजेड फारसा येत नाही. उलट सतराव्या-अठराव्या शतकातल्या, गोंब्रून म्हणजे बंदर अब्बासच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इराणी वाडग्यांचे अंग इतके पातळ आहे की त्यातून प्रकाश झिरपतो. काही वाडग्यांना तर भोके पाडून ती झिलईने भरली आहेत. म्हणजे उजेड हा पुरावा एकटा उभा राहत नाही.

आवाजाचेही तेच. नखाने हलके टिचकले असता घंटेसारखा नाद आला तर अंग घट्ट भाजलेले आहे आणि चीर नाही. बद्द आवाजाचे मात्र दोन अर्थ होतात: अंग गारगोटीचे असेल, किंवा पोर्सलीन असून चिरलेले असेल. चीर दिसत असेल तर टिचकी मारूच नये.

५. झिलई आणि निळा रंग एकत्र पाहा

थाळी खिडकीकडे तिरपी धरावी. चिनी झिलई बहुधा एकसारखी आणि किंचित निळसर असते. इराणी झिलई काचेसारखी पारदर्शक असून तिच्यात जाळीसारखे बारीक तडे असतात, आणि बुडाकडे ओघळून थेंब जमले असतील तर ते हिरवट दिसतात. काठावरची झिलई पापुद्र्यासारखी उडालेली असणे ही इराणी खूण नव्हे. क्राक थाळ्यांच्या काठावर ती कसर लागल्यासारखी हमखास कुरतडलेली असते.

आता रंगाकडे यावे. निळा रंग देणारा कोबाल्ट अशा झिलईत विरघळून पसरतो, म्हणून इराणी थाळीवर निळ्या आकृतींच्या कडा ओल्या टीपकागदावरच्या शाईसारख्या फुटलेल्या दिसतात. त्यावर उपाय म्हणून कारागिरांनी पुष्कळ थाळ्यांवर आकृतीची बाह्यरेषा न पसरणाऱ्या काळ्या रंगाने काढली आणि आत निळा भरला. झिलईखाली स्पष्ट काळी बाह्यरेषा आणि आत पसरट निळा ही जोडी दिसली तर इराणचे पारडे बरेच जड होते. चिनी कामात बाह्यरेषाही निळ्याचीच असते आणि आत फिक्या-गडद निळ्याचा पातळ हात दिलेला असतो. काळी रेषा नसणे मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण नुसत्या निळ्याने रंगवलेल्या इराणी थाळ्याही भरपूर आहेत.

‘हा निळा इराणी वाटतो’ असे वाक्य वहीत लिहू नये. चौदाव्या शतकात आणि मिंग काळाच्या आरंभी चिंगडचनच्या चितारींनी पश्चिमेकडून आयात केलेला कोबाल्ट वापरला. तो लोहयुक्त असल्याने दाट जागी काळपट ठिपके पडतात. पुढे चीनमधला स्थानिक, मँगेनीज अधिक असलेला कोबाल्ट आला. इराणमध्ये काशानजवळच्या कमसर गावचा कोबाल्ट प्रसिद्ध होता. म्हणजे एकाच प्रदेशातला रंग दोन्ही देशांच्या भांड्यांवर असू शकतो, आणि त्याचा उगम डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे यंत्र लागते.

*तपासा:* अतिनील विजेरी अंधारात फिरवावी. काठावर एखादा भाग इतरांपेक्षा वेगळा, दुधी किंवा पिवळसर चमकत असेल तर तिथे अलीकडची डागडुजी आहे. त्या भागावरची एकही नोंद पुरावा म्हणून धरू नये.

६. भट्टीतल्या टेकूंच्या खुणा शोधा

इराणी भट्टीत जागा वाचवण्यासाठी वाडग्यात वाडगा ठेवत आणि मध्ये मातीची छोटी तिपाई देत. भाजून झाल्यावर ती तोडून काढली की आतल्या तळाशी तीन बारीक खडबडीत ठिपके राहतात. चीनमध्ये चांगले भांडे मातीच्या स्वतंत्र डब्यात, बुडाखाली वाळू पसरून भाजत. त्याच्या आतल्या तळाशी असे ठिपके नसतात. म्हणून तळाशी त्रिकोणात तीन खुणा दिसल्या तर ती फार मोलाची नोंद आहे.

गफलत होते ती जपानी भांड्यांशी. अरिता इथल्या पोर्सलीनला टेकूंच्या खुणा असतात, पण त्या बाहेरच्या बाजूला, कड्याच्या आतल्या बुडावर, आणि त्यांची संख्या तीनाहून अधिकही असते. खुणा आत आहेत की बाहेर, हे नोंदीत स्पष्ट लिहावे.

७. आता नक्षी वाचा

इथवर अंग कुठल्या घराण्यातले आहे हे ठरलेले असते. आता नक्षीला ‘ती कुठली आहे’ असे विचारायचे नाही. ‘नकलताना कुठे चूक झाली’ हे शोधायचे आहे.

क्राक थाळीचा काठ रुंद आणि अरुंद कप्प्यांत विभागलेला असतो. रुंद कप्प्यांत फुले, फळे किंवा फितीने बांधलेली शुभचिन्हे असतात: पुस्तकाची गुंडाळी, पान. चिनी चिताऱ्याला त्या वस्तूंचा अर्थ ठाऊक होता, त्यामुळे फीत वस्तूमागून जाऊन पुन्हा पुढे येते. इराणी चिताऱ्यासाठी तो केवळ आकार होता. त्याच्या हातात फीत वस्तूपासून सुटते, गुंडाळीचे गाठोडे होते, खडकाचा ढग होतो आणि पक्षी बसलेली फांदी अधांतरी राहते. कप्प्याचा एक नमुना निवडून तो थाळीभर मागोवा घेत पाहावा; दर फेरीला तो आणखी अनोळखी होत असेल तर नक्कल करणारा हात सापडला. हा कमीपणा समजू नये. पुष्कळदा याच ठिकाणी इराणी चितारी मोकळा होतो आणि चिनी कमळाच्या वेलीत स्वतःची पाने मिसळतो, आणि मला तरी त्या थाळ्या बिनचूक नकलांपेक्षा अधिक पाहाव्याशा वाटतात.

नक्षीवरून काळ ठरवताना एकच नियम पाळावा: नक्कल मूळ भांड्याच्या आधीची असू शकत नाही, पण ती कितीही नंतरची असू शकते. सफवी बादशहा शाह अब्बास पहिला याने १६११ साली इराणमधल्या अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी भांडी अर्पण केली, आणि त्यांत तेव्हाच शंभर-दोनशे वर्षे जुन्या झालेल्या वस्तू होत्या. जुने नमुने असे हाताशी असल्याने सतराव्या शतकातला इराणी कारागीर पंधराव्या शतकातली द्राक्षांच्या घडांची थाळीही रंगवू शकत होता. नक्षी पंधराव्या शतकातली म्हणून थाळी पंधराव्या शतकातली, ही उडी अनेकांना महागात पडली आहे.

८. शिक्के आणि लेख सर्वांत शेवटी

मागच्या चौकोनी शिक्क्यातल्या रेघा चिनी अक्षरांसारख्या दिसतात, पण चिनी वाचणाऱ्यालाही त्या लागत नाहीत, असे झाले तर ती इराणी नकलेची ठळक खूण आहे. झुबक्यासारखी किंवा गोंड्यासारखी खूणही अशीच भेटते. उलट शिक्का स्वच्छ वाचता आला तरी त्यावर काळ टेकवू नये; चिनी भट्ट्यांनी स्वतःच आधीच्या बादशहांची नावे नंतरच्या भांड्यांवर आदराने किंवा बाजारासाठी घातली आहेत.

फारसी किंवा अरबी लेख दिसला तर तो झिलईखाली आहे की झिलईत कोरलेला, हे भिंगाने पाहावे. अर्दबीलला दिलेल्या चिनी भांड्यांवर शाह अब्बासच्या अर्पणाचा छोटा चौकटीतला फारसी लेख झिलईत कोरलेला आहे. म्हणजे लेख इराणी, भांडे चिनी. झिलईखालचा लेखही निर्णायक नव्हे, कारण मिंग सम्राट झेंगडे याच्या काळात (१५०६ ते १५२१) चिंगडचनला अरबी-फारसी लेखांची भांडी रंगवली गेली.

लेखात हिजरी साल असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. हिजरी १०३७ म्हणजे १६२७-२८. आकडे वाचण्याआधी थाळी सुलटी आहे याची खात्री करावी, कारण फारसी सात आणि आठ हे एकमेकांचे उलटे आकार आहेत, आणि पालथ्या धरलेल्या थाळीने मला स्वतःला दहा वर्षांचा फरक घडवून दाखवला आहे.

९. निष्कर्ष लिहा

आधी अंग, मग प्रदेश, मग काळ, आणि शेवटी शहर, या उतरत्या खात्रीने लिहावे. ‘गारगोटीचे अंग, इराणी, सफवी, बहुधा सतरावे शतक, शहर अनिश्चित’ हा प्रामाणिक निष्कर्ष आहे. किरमाण आणि मशहद ही त्या काळातली मोठी केंद्रे होती, पण केवळ रेषेच्या काळेपणावरून शहराचे नाव ठोकून देण्याचा मोह टाळावा. वहीचे पहिले पान आता उघडून पाहावे, आणि अंदाज कोणत्या पायरीवर बदलला ते तिथेच नोंदवावे.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातले चिनी पोर्सलीन पाहता येते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात चिनी आणि इराणी अशा दोन्ही वस्तू आहेत. घरची थाळी तपासण्याआधी काचेपलीकडची बुडे पाहता येत नाहीत ही अडचण खरी, परंतु झिलईचा पोत आणि रंगाचे पसरणे डोळ्यांत भरून घेता येते.

भांडे शंभर वर्षांहून जुने ठरले तर ते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत ते सहज ठेवून देणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. जुन्या इराणी झिलईत शिसे असू शकते, म्हणून त्या थाळीत काही वाढू नये. ती फडताळात उभी ठेवायची असेल तर स्प्रिंगचे तारेचे धारक वापरू नयेत, कारण त्यांचा ताण नेमका काठावर येतो आणि गारगोटीचे अंग तिथूनच तुटते; लाकडी घडवंचीवर, बुडाला नमदा लावून ती ठेवावी आणि तपासणीची नोंद घडी घालून घडवंचीमागेच चिकटवावी.